शय्यादानात आलेला कॉम्प्युटर

आमच्या घरात विकत आणलेली गादी नव्हती. उशी नव्हती, छत्री नव्हती, रजई नव्हती. ज्यावर आम्ही झोपत होतो आणि जे डोक्यावर धरून मी शाळेत जात होते, ते सगळं कुणीतरी मेल्यावर आमच्याकडे आलेलं होतं. हे मी लाजून सांगत नाही, कौतुकानं तर नाहीच. आजही किळस येते, म्हणून सांगते आहे.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू, काशीत दहाव्या-अकराव्याचे विधी करत. दुर्गाघाटाच्या वरच्या गल्लीत तळमजल्यावर आमच्या भाड्याच्या दोन खोल्या. आजूबाजूची मराठी घरं वेद म्हणणारी, रामघाटावर पाठशाळेत शिकवणारी, लग्न-मुंजी लावणारी. हळदीकुंकवाचं बोलावणं आईला यायचं, पण सगळ्यांत शेवटी, आणि बसायला चटई वेगळी. सकाळी अण्णा समोरून येताना दिसले की माणसं गल्ली बदलत. आमच्याकडच्या गल्ल्या अशा की दोन माणसं समोरासमोर आली तर एकानं भिंतीला चिकटावं लागतं. तिथे गल्ली बदलणं सोपं नाही. तरी बदलत. मेलेल्याचं दान घेणाऱ्या ब्राह्मणाला इकडे महाबाभन म्हणतात; पोरं मागून ओरडायची, "हटो हटो, महाबाभन की बिटिया आयी!"

अकराव्या-बाराव्या दिवशी शय्यादान असतं. मेलेल्या माणसाला पुढे वर्षभर वाट चालायची असते अशी समजूत. त्या वाटेवर लागेल ते ब्राह्मणाला द्यायचं. खाट, गादी, उशी, छत्री, जोडे, काठी, तांब्या. इथे दिलं की तिथे पोचतं. अण्णांना त्या गादीवर बसवत, यजमान हातावर पाणी सोडत, नमस्कार करत आणि चालू लागत. मागे वळून बघायचं नाही असा नियम. तो नियम मोडलेला मी कधी ऐकला नाही.

खाटा आमच्या खोल्यांत मावत नसत. गल्लीच्या तोंडाशी एक दुकानदार होता, तो त्या पडत्या भावात परत घ्यायचा आणि पुढच्या यजमानाला नव्या म्हणून विकायचा. मग तीच खाट पुन्हा अण्णांपुढे. एका खाटेच्या पायाला हिरवा रंग सांडलेला होता. ती खाट मी आमच्या दारात इतक्यांदा पाहिली की शेवटी ओळखीची झाली. गाद्यांचं वेगळं. कंजूष यजमान नवी गादी न घेता मेलेल्याचीच द्यायचे, तिला दुकानदार हात लावत नसे. ती आमच्याकडे राही. उन्हात कितीही टाका, पावसाळ्यात तिच्यातून औषधाचा वास यायचाच. अशा गादीवर झोपून मी लहानाची मोठी झाले.

मी बी.एस्सी. झाले, गणित घेऊन. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. डिग्री मला कुणी पाणी सोडून दिली नव्हती; ती मी अभ्यास करून मिळवली होती, आणि त्या कागदाला कुणाच्याही औषधाचा वास नव्हता. मी ठरवलं होतं, पगार सुरू झाला की अण्णांना हे काम सोडायला लावायचं. निदान शय्यादान तरी. घरात मेलेल्याची वस्तू पुन्हा येता कामा नये.

पण पगार देणार कोण? विश्वविद्यालयाच्या कॉम्प्युटर सेंटरमध्ये सहायकाची जागा निघाली, मी गेले. तिथल्या साहेबांनी माझा कागद पाहिला, गुण पाहिले, आणि मोठ्या यंत्रांवर चालणाऱ्या सिस्टमबद्दल विचारलं, "यूनिक्स पर हाथ चलाया है?"

"किताब में पढ़ा है, सर."

"तो नौकरी किताब को दे दें?"

बाजूला बसलेले दोघं हसले. साहेब म्हणाले, जागा तात्पुरती भरू, काही महिन्यांनी पुन्हा घेऊ परीक्षा, तेव्हा हात चालवून या. हात चालवायला यंत्र कुठून आणायचं ते सांगितलं नाही. काशीत तेव्हा कॉम्प्युटर म्हणजे कुणा डॉक्टरच्या मुलाकडे, नाहीतर सराफाच्या दुकानात. मी लहुराबीरच्या एका कोचिंग क्लासमध्ये गणित शिकवत होते. तिथे एक होता, त्यावर क्लासच्या मालकाचा मेहुणा पत्ते खेळायचा.

आणि मग यंत्र आलं. ज्या वाटेनं आमच्याकडे सगळं यायचं त्याच वाटेनं.

रेल्वेतून निवृत्त झालेले एक मराठी गृहस्थ सिगऱ्याकडे राहत, ते गेले. मुलगा बंगलोरहून आला. दशाश्वमेधाजवळच्या धर्मशाळेत बारावं झालं. मुलानं सगळं रीतसर दिलं आणि शेवटी वडिलांचा कॉम्प्युटर आणून गादीवर ठेवला. म्हणाला, "गुरुजी, बाबांना याच्याशिवाय चैन पडायचं नाही. हापण द्या पोचवून." अण्णांनी म्हैस घेतली होती, सायकल घेतली होती, एकदा पोपट पिंजऱ्यासकट घेतला होता. कॉम्प्युटर पहिल्यांदाच. संकल्पात त्याला काय म्हणायचं हे त्यांना सुचेना, तेव्हा "लेखनयंत्र" म्हणून टाकलं, असं ते नंतर सांगत.

गल्लीत ठेला आला तरी तो वळणावर अडकतो. म्हणून अण्णांनी होडी केली. दशाश्वमेधावरून दुर्गाघाटापर्यंत गादीवर मॉनिटर, मॉनिटरवर छत्री, आणि शेजारी अण्णा. नावाडी सामान घेऊन घाटाच्या पायऱ्या चढला आणि मी दार उघडून बघते तर अण्णा उंबऱ्यापाशी तांब्या नि दर्भ घेऊन उभे. दानाची वस्तू प्रोक्षण केल्याशिवाय घरात घ्यायची नाही, हा आमच्या घरचा नियम. माझ्या तोंडून "अण्णा, नको!" निघेपर्यंत त्यांनी मंत्र म्हणून गंगेचं पाणी भरपूर शिंपडलं होतं. पाणी कॉम्प्युटरच्या डब्याच्या जाळीतून आत गेलं.

"अहो, आत वीज असते त्याच्या!"

"वीज तुझ्या घरात तरी आहे का आत्ता?" अण्णा म्हणाले. लाइट गेलेली होती हे खरं.

मी ते सगळं गच्चीवर नेऊन उन्हात ठेवलं, वर मच्छरदाणी टाकली आणि माकडं हाकायला काठी घेऊन बसले. तीही शय्यादानातलीच काठी. वाळल्यावर स्क्रू काढले. आतली धूळ मी समजू शकते. पण कीबोर्ड उघडला तर आत निघालं काय? पांढरे केस, कापलेली नखं, सुपारीचे तुकडे, एक वाळलेलं झुरळ. म्हातारबुवा कीबोर्डवर बसूनच नखं कापत असणार. मी ते जुन्या दातांच्या ब्रशानं आणि स्पिरिटनं घासलं, एकेक बटण काढून. मेलेल्याच्या गादीवर झोपणारीनं एवढं करू नये असं कुणाला वाटेल, पण गादी उघडून आत काय आहे ते बघावं लागत नाही.

लाइट आल्यावर चालू केलं. चाललं. पडद्यावर त्या गृहस्थांचं नाव आलं आणि खाली इंग्रजी अक्षरांत "सुस्वागतम् साहेब". आत त्यांची पत्रं: विजेच्या बिलाबद्दल तक्रार, पेन्शनबद्दल तक्रार, वरच्या मजल्यावर मसाला कुटणाऱ्या बाईबद्दल तक्रार. मी दोन-चार वाचली आणि बंद केली. दुसऱ्याच्या घरात शिरल्यासारखं वाटलं. आणि तो दुसरा तर मेलेला.

मला त्यावर युनिक्स हवं होतं. कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या एका दुकानात गेले. दुकानदाराच्या तोंडात पान. त्यानं मान वर करून, पिंक सांभाळत विचारलं, "क्या डलवाना है? सब है. गेम-वेम समेत पूरा डाल देंगे." मागे कॉपी केलेल्या फ्लॉप्यांचा ढीग, त्यावर कत्थ्याचे डाग. चोरलेला माल, आणि तोही थुंकी लागलेल्या बोटांनी दिलेला. युनिक्स म्हटल्यावर त्यानं पिंक टाकली आणि म्हणाला, "ऊ सब बैंक में चलता है, बहिनजी. घर में का करिएगा?" मी उठले.

मार्ग सापडला तो क्लासमध्ये. मालकाकडे एक इंग्रजी कॉम्प्युटर मासिक यायचं, त्याच्या एका अंकावर सीडी चिकटवलेली होती. आत लिहिलं होतं, लिनक्स नावाची सिस्टम आहे, वागायला युनिक्ससारखी. कुणीही घ्या, कुणीही कॉपी करा, कुणालाही द्या, पैसे नाहीत. माझ्या यंत्राला सीडी लावायची सोय नव्हती. मेहुणा पत्त्यांवरून उठला की मी क्लासच्या यंत्रावर सीडी लावून तुकड्या-तुकड्यानं फ्लॉप्यांवर उतरवून घ्यायची आणि पिशवीत घालून घरी आणायची.

आईनं पिशवी पाहिली. "हे कुठून आणलंस?"

"फुकट आहे, आई."

अण्णा आतून म्हणाले, "कोण गेलं?"

"कुणी नाही गेलं."

"मग फुकट कशाला देईल कुणी?" त्यांना खरंच कळेना. "नाव कुणाचं घ्यायचं त्यात? संकल्प?"

"संकल्प नाही. नाव नाही. ज्यांनी बनवलं ते जिवंत आहेत. सगळ्यांनाच देतात."

"सगळ्यांना? म्हणजे पलीकडच्या शास्त्र्यांनापण?"

"त्यांनापण. त्यांनी मागितलं तर."

अण्णांना ते पटलं नाही. आई म्हणाली, "घे बाई. पण आधी विचार, हात कुठवर पसरायचा असतो ते." तिचं बरोबर होतं. मी स्वतःला तेच विचारत होते. फुकट या शब्दाचा मला इतका वीट आला होता की ती सीडीसुद्धा सुरुवातीला मी चिमटीत धरली. मग सोबतच्या इंग्रजी अटी बसून वाचल्या. त्यात देणारा वर नव्हता आणि घेणारा खाली नव्हता. कुणाला नमस्कार करायचा नव्हता, आणि वळून बघायला बंदी नव्हती. उलट उघडून बघा, बदला, असं लिहिलेलं होतं. असं दान आमच्या गल्लीत कुणी पाहिलं नव्हतं. मी घेतलं.

खरा खोळंबा पुढे झाला. नवी सिस्टम घालायची म्हणजे डिस्क पुसायची. मी तसं बोलले आणि आई पोळपाट सोडून उठली.

"काय पुसायचं?"

"त्यांचं आहे ते. पत्रं वगैरे."

"वर्ष झालं नाही अजून त्यांचं."

"आई, ते मेलेत."

"मेलेत म्हणूनच. वाटेत आहेत. ज्याच्यासाठी दिलं त्याला ते लागतंय तिकडे, आणि तू इथे पुसून टाकणार? त्यांनी तिकडे उघडलं नि आत काही नसलं तर?"

मी अण्णांकडे पाहिलं. हा त्यांचा धंदा. ते डोकं खाजवत म्हणाले, "दिलं तेव्हाच पोचलं. इकडे राहिलं ते नुसतं टरफल."

"असं?" आई म्हणाली. "मग गेल्या साली त्या मास्तरांच्या चपला वर्ष होईतो घालायच्या नाहीत म्हणून मला कोण ओरडलं?"

आई हसली नाही. तिचा विश्वास होता, आणि तिच्या विश्वासाला मी गणित घालू शकत नव्हते. मला चीड आली; तिची नाही, सगळ्याचीच. मी शिकलेली, यंत्र आमच्या घरात, आणि त्यातली जागा एका मेलेल्या तक्रारखोर म्हाताऱ्याची.

शेवटी वाटणी केली. भावाभावांची घरं वाटतात तशी. त्याच्या फायली डिस्कच्या एका अंगाला गोळा करायच्या आणि उरलेली जागा कापून घ्यायची, असा एक लहानसा प्रोग्राम त्याच सीडीवर होता. माझ्या वाट्याला कोपरा आला. त्या कोपऱ्यात मी लिनक्स घातलं. एकेक फ्लॉपी घालायची, यंत्र घरघर करायचं, मग दुसरी मागायचं. मधली एखादी खराब निघाली की सगळं थांबायचं, आणि मी पुन्हा लहुराबीरला, मेहुण्याच्या पत्त्यांपाशी. तो म्हणायचा, "मैडम, सिलेंडर भरवाने जाती हैं क्या रोज?" आणि फ्लॉपी नीट झाली तर लाइट जायची. दुपारची पाळी असली की जेवणाच्या सुमारास जायचीच. अर्धवट झालेलं सगळं पुन्हा पहिल्यापासून.

एका दुपारी काळ्या पडद्यावर पांढरी ओळ आली, आणि यंत्रानं माझं नाव विचारलं. "साहेब" नाही. मी माझं नाव टाकलं, माझा पासवर्ड टाकला, आणि आत गेले. आत काहीही नव्हतं. एक रिकामी ओळ आणि लुकलुकणारा चौकोन. चित्र नाही, स्वागत नाही, कुणाची नखं नाहीत. आईनं मागून पाहिलं. "एवढंच?" "एवढंच," मी म्हटलं. मला बरं वाटलं. त्या घरात मी प्रथमच अशी वस्तू वापरत होते जी माझ्याआधी कुणी वापरलेली नव्हती.

काही महिने मी रोज बसले. कमांड शिकले. लाइट गेली की यंत्र एकदम मरायचं, आणि परत चालू केल्यावर कुरकुरायचं की मला नीट बंद केलं नव्हतं, आता डिस्क तपासा. कधी आपोआप तपासायचं, कधी अडून बसायचं, रूटचा, म्हणजे यंत्राच्या मालकाचा, पासवर्ड मागायचं आणि मग सगळं हातानं तपासून घ्यावं लागायचं. दुर्गाघाटाच्या विजेनं मला ते इतक्यांदा करायला लावलं की ती कमांड माझी बोटं आपणहून मारू लागली.

पण सेंटरच्या साहेबांच्या परीक्षेत सी भाषेतला प्रोग्राम असणार, असं समजलं. लिहिलेलं यंत्राच्या भाषेत उतरवणारा त्याचा कम्पायलर माझ्या कोपऱ्यात मावत नव्हता. त्यातच मासिकाबरोबर नव्या आवृत्तीची सीडी आली. जुनीवरच नवी चढवू, जागा काटकसरीनं वापरू, असं मी ठरवलं. आमच्या घरात काटकसर सगळ्यांनाच येते, पण यंत्राला ती समजत नाही. ज्या मूळ लायब्ररीवर सगळ्या कमांड उभ्या असतात तीच बदलत असताना जागा संपली. जुनी गेली, नवी आली नाही. एकही कमांड चालेना. फायली दाखव म्हटलं तरी येत नाही म्हणायचं. नुसता चौकोन लुकलुकत होता. परीक्षेची तारीख लागलेली होती आणि माझं यंत्र टरफल झालं होतं. पलीकडच्या वाटणीत मात्र म्हातारबुवांचं सगळं ठणठणीत. मसाला कुटणाऱ्या बाईची तक्रारसुद्धा.

मी आईशी दोन दिवस बोलले नाही. ती माझ्याशी बोलत होती, "जेव" एवढंच.

आणि त्याच आठवड्यात तो मुलगा आला, बंगलोरचा. वडिलांचं घर विकायला आला होता. गल्लीतून आमच्या दारात येईतो त्याच्या नाकावर रुमाल होता, आत आल्यावरही त्यानं तो काढला नाही. खाटेवर बसला नाही. खाट कुणाची असेल याचा अंदाज त्याला आला असावा.

"गुरुजी, वर्षाचं आत्ताच उरकून टाकता येईल का? सगळं एकदमच. मला पुन्हा यायला जमणार नाही."

अण्णा यजमानाला कधी नाही म्हणत नसत. "शास्त्रात सोय आहे," ते म्हणाले. "अडचण असेल तर आधी करता येतं."

"आहेच अडचण. व्हिसाचं चाललंय. मग झालं ना, म्हणजे पुढे दर महिन्याला काही नाही?"

"नाही."

"छान." त्याची नजर कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर गेली. "अरे, हा अजून इथेच? विकला नाहीत?"

मी पुढे झाले. म्हटलं, "यात तुमच्या वडिलांच्या फायली आहेत. सगळ्या जपून ठेवल्यात. फ्लॉपीवर घालून देऊ? लगेच होईल."

"कसल्या फायली?"

"पत्रं आहेत. त्यांनी लिहिलेली."

"ती होय!" तो रुमालामागे हसला. "अहो, आयुष्यभर तेच केलं त्यांनी. ती घेऊन मी काय करू? पुसून टाका. उलट बरं होईल, कुणाच्या हाती नको लागायला."

"एकदा बघा तरी."

"नको हो. मला त्यातलं काहीसुद्धा नको."

दारात उभ्या असलेल्या आईनं हे सगळं ऐकलं. तिनं त्याच्यासाठी चहा टाकला होता. तो तिनं आणला नाही. तो गेल्यावर ती ओट्यापाशी गेली आणि चहाचं पातेलं मोरीत उपडं केलं. साखरेचा चहा आमच्या घरात मोरीत ओतलेला मी त्याआधी पाहिला नव्हता.

"रुमालसुद्धा काढला नाही मेल्यानं," ती म्हणाली. "बापाचं आहे म्हणून मी पोरीला हात लावू दिला नाही, आणि हा! हे असलं पोचवतो का आपण वर्षानुवर्षं? ज्याचं त्याला नको, आणि आपण उशाला घेऊन झोपायचं." मग माझ्याकडे वळली. "पूस."

"आई..."

"पूस म्हणते ना. पण त्यांचं ते वर्षाचं श्राद्ध होऊ दे आधी. पोरानं उरकलं तरी आपण नीट करू."

दोन दिवसांनी त्यानं घाटावर येऊन वर्षाचं श्राद्ध केलं, घड्याळ बघत. तो थेट स्टेशनावर गेला. अण्णा घरी आले, पंचा बदलला, आणि मला म्हणाले, "तुझं ते यंत्र तयार कर." ते तीळ आणि पाणी घेऊन बसले. आईनं त्यांच्या नि कॉम्प्युटरच्या मध्ये पाट उभा धरला. "या वेळी एक थेंब उडाला तर बघा." अण्णांनी म्हातारबुवांचं नाव-गोत्र घेऊन तीन वेळा तिळाचं पाणी ताम्हनात सोडलं. दक्षिणा नव्हती, यजमान नव्हता. असं तर्पण करताना मी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं. मग म्हणाले, "हं. कर आता."

मी सगळी डिस्क एक केली. यंत्रानं विचारलं, यातलं सगळं जाईल, नक्की का? मी हो म्हटलं. साहेब गेले.

नवी आवृत्ती पूर्ण बसायला बऱ्याच दुपारी गेल्या. फ्लॉप्या पुन्हा खराब निघाल्या, मेहुण्यानं पुन्हा सिलेंडर काढला, लाइट पुन्हा गेली. पण ती बसली, कम्पायलरसकट. मी लिहिलेला पहिला प्रोग्राम चालला तेव्हा अण्णा स्नानाहून आले होते, त्यांनी पडद्यावरची ओळ वाचली आणि विचारलं, "हे तू लिहिलंस की गेले त्यांनी?" मी म्हटलं, मी. ते म्हणाले, "मग ठीक."

परीक्षेच्या दिवशी विश्वविद्यालयातही लाइट गेलेली होती. मला जरा हसूच आलं. आल्यावर सेंटरचं मोठं यंत्र चालू केलं ते ओळखीच्या ओळीवर येऊन अडलं: डिस्क हातानं तपासा. दोघे-तिघे उमेदवार हात बांधून साहेबांची वाट बघत बसले. पासवर्ड टाकून तिथला माणूस कुणाला तरी विचारायला बाहेर गेला होता. मी बसले आणि कमांड मारली. साहेब आले तेव्हा यंत्र सुरू झालेलं होतं.

"किसने किया?"

"मैंने, सर."

"पूछ के करना चाहिए था." मग खुर्ची ओढत म्हणाले, "कहाँ सीखा? किताब में?"

"घर पर, सर. दुर्गाघाट."

त्यांना ते खोटं वाटलं असावं. पण प्रोग्रामही बरोबर आला, आणि ते मला खोटी ठरवू शकले नाहीत.

मला ती नोकरी मिळाली. आधी तात्पुरती, पुढे कायम. अण्णांनी दहावं-अकरावं लगेच सोडलं नाही, पण शय्यादान घेणं त्याच वर्षी बंद केलं. यजमान आले की सांगत, "ते दुसऱ्या कुणाला द्या. आमच्याकडे जागा नाही." हिरव्या डागाची खाट आमच्या दारात पुन्हा आली नाही. पहिल्या पगाराच्या आठवड्यात आईनं गल्लीत पिंजारी बसवला, नवा कापूस आमच्या डोळ्यांसमोर पिंजून घेतला, आणि आमच्या घरात पहिली विकत घेतलेली गादी झाली. तिच्यावर कुणीही मेलेलं नव्हतं. त्या रात्री तिच्यावर मी झोपले.